सहा फेऱ्यांची तार

मित्रांनो, मी एक जुनी तार आहे. सुतळीएवढी जाड, आत तांबं आणि वर लाल प्लास्टिक. तेही आता बरंच विटलंय. एका घराच्या बैठकीच्या खोलीत भिंत आणि फरशी जिथे भेटतात, तिथल्या लाकडी पट्टीमागे मी राहते. या खोलीला मी एक-दोन नव्हे, चांगले सहा वेढे घातले आहेत. एवढं चालून पोचलीस कुठे, असं विचाराल तर जिथून निघाले तिथेच! माझी दोन्ही टोकं खिडकीखालच्या एका छोट्या डबीत शेजारी शेजारी बसलेली आहेत.

माझ्यामुळे कधी दिवा लागला नाही, पंखा फिरला नाही की इस्त्री तापली नाही. तरी एके काळी या घरातल्या एका बाईचा सगळा जीव माझ्यात अडकलेला होता. तिची आठवण येते म्हणून आज तुमच्याशी बोलायला बसले आहे.

कारखान्यात तांब्याची कांब एकाहून एक लहान भोकांतून ओढत ओढत मला बारीक केलं. मग प्लास्टिकचा झगा चढवून माझं भेंडोळं बांधलं. दुकानातून मला एका वायरमनने घरी आणलं. वायरमनच्या शर्टाच्या खिशात सदानकदा टेस्टर असायचा, म्हणून सगळी गल्ली त्याला टेस्टरच म्हणत असे. त्याला दाराच्या घंटीसाठी माझी दोन हात लांबी पुरली. बाकीची मी माळ्यावर गेले, एका तडा गेलेल्या बादलीत. तिथे मी आठ वर्षं पडून होते. खाली भांडी वाजायची, हसण्याचे आवाज यायचे, कुणीतरी शिडी लावायचं. वाटायचं, आज माझी पाळी. पण माणूस दुसरंच काहीतरी काढून उतरायचा. वाट बघणं मी तेव्हाच शिकले.

टेस्टरची बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. तिला सगळे मावशी म्हणत. तीस वर्षं तिने कानाला यंत्र लावून लोकांची बोलणी जोडून दिली. गावातल्या निम्म्या माणसांचा चेहरा तिला माहीत नव्हता, पण आवाज पाठ होता. एकदा भाजी घेताना मागून कुणी बोललं, तर ही वळून म्हणाली, "तुमच्या मेव्हण्यांचा ताप उतरला का हो?" तो माणूस चार दिवस तिच्याकडे संशयाने बघत होता.

टेस्टरची आणि तिची ओळखही तशीच झाली होती. तो एक्स्चेंजच्या तारा तपासायला गेला होता आणि तारेच्या दुसऱ्या टोकाकडून "हॅलो, एक, दोन, तीन... एक, दोन, तीन..." करत होता. दहाव्यांदा ऐकल्यावर हिने विचारलं, "पुढचे आकडे शाळेत शिकवले नाहीत वाटतं?"  पलीकडून आवाज आला, "चार."

अशा या मावशीचे कान नोकरी संपल्यावर हळूहळू जाऊ लागले. आधी चिमण्या गेल्या. मग कुकरची शिट्टी. मग शब्दांमधली अक्षरं झडू लागली, जुन्या पाटीवरची झडतात तशी. एका सकाळी टेस्टर न्हाणीघरातून ओरडला, "टाकी भरली का?" मावशीने हातातलं लाटणं खाली ठेवलं आणि मटकन बसली. "काकी वारली? कधी?" तिचे डोळे भरून आले. तो टॉवेल गुंडाळून बाहेर आला आणि खालच्या मजल्यावर राहणाऱ्या काकीच्या दिशेने बोट करून म्हणाला, "ती चांगली ठणठणीत आहे! टाकी! टाकी वाहतेय!" दोघं हसून हसून लाल झाली.

पण हसू काही रोज येत नाही. कानाचं मशीन आणलं, तर त्यात सगळंच मोठं ऐकू यायचं. चमचा पडला की गोळी सुटल्यासारखं, पंखा म्हणजे वादळ, आणि माणसाचं बोलणं त्या गोंगाटात बुडालेलं. तिने मशीन कपाटाच्या खणात टाकलं. मग टेस्टर ओरडून बोलू लागला. मित्रांनो, ओरडून बोललेलं कसलंही वाक्य भांडणासारखंच ऐकू येतं. "तू जेवलीस का?" हे जरा बेंबीच्या देठापासून ओरडून बघा. शेजारीण एकदा विचारायला आली, सगळं ठीक आहे ना म्हणून. त्या दिवसापासून तो गप्प झाला. दोघं एकाच कोचाच्या दोन टोकांना बसायची, मधे वर्तमानपत्र.

त्यांची मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी होती. ती आली की आईशी बोलायला सुरुवात करायची, दोनदा सांगून बघायची आणि मग हात हलवून म्हणायची, "जाऊ दे आई, काही नाही." मावशी मान डोलवायची. पण मी माळ्यावरून पाहत असे; ती मान डोलवताना हातांनी पदराचं टोक घट्ट पिळायची.

एक दिवस टेस्टरने खणातलं मशीन काढून चष्म्याखाली धरलं. त्यावर नखाएवढं बटण होतं आणि तीन इंग्रजी अक्षरं: एम, टी, ओ. तो तडक मशीनवाल्याकडे गेला आणि परतला तो जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत.

"अगं, या मशीनमध्ये वेढा आहे! तांदळाच्या दाण्याएवढा! टेलिफोनसाठी ठेवलाय. टीवर बटण केलं की बाहेरचा गोंगाट बंद, फक्त वेढ्यात येईल तेवढंच ऐकू येतं!"

अर्थात तिला त्यातलं काहीच ऐकू आलं नाही. मग त्याने शिडी लावली, माळ्यावर चढला आणि या वेळी त्याचा हात बादलीत आला. आठ वर्षांनी कुणीतरी मला हात लावला. धुळीने तो शिंकला, तरी मला तो आशीर्वादच वाटला.

त्याने मुलीच्या जुन्या दप्तरातून होकायंत्र शोधून काढलं. माझं एक टोक घेऊन त्याभोवती पाच-सहा वेढे दिले आणि बॅटरीचा सेल जोडला. उत्तरेला स्वस्थ बसलेली सुई टुणकन वळली. सेल काढला, सुई परत गेली. सेल उलटा लावला, सुई दुसऱ्या बाजूला वळली. मावशी हनुवटीला हात लावून बघत राहिली.

त्या दिवशी मला माझीच ओळख झाली. तारेतून वीज वाहिली की तारेभोवती चुंबकत्व उभं राहतं. सरळ तारेचं ते थोडंसंच असतं. पण तारेला गोल वळवलं की तिच्या प्रत्येक तुकड्याचं चुंबकत्व आतल्या बाजूला एकमेकांना येऊन मिळतं, आणि जितके वेढे जास्त तितकं त्याचं बळ वाढतं. वीज थांबली की ते नाहीसं होतं. आवाजाची वीज मात्र एका दिशेने धड वाहत नाही. ती सेकंदाला शेकडो वेळा मागेपुढे होते, मग चुंबकत्वही तसंच हेलकावतं. आणि जवळपास दुसरा वेढा असला, अगदी तांदळाएवढा का असेना, तर त्या हेलकाव्याने त्याच्यात तशीच वीज जागी होते. मधे धागा नाही, तार नाही, तरी इकडचं तिकडे पोचतं.

टेस्टरने ठरवलं, हिच्या कानात लहान वेढा आहे, तर आपण खोलीभोवती मोठा घालू. ती त्यात कुठेही बसो.

पहिल्यांदा त्याने माझा एकच फेरा मारून टोकं जुन्या रेकॉर्ड प्लेअरच्या ॲम्प्लिफायरला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीला जोडली, तर तिचा फ्यूज उडाला. एवढ्या थोड्या तारेतून वीज फार सुसाट पळाली होती. मग त्याने सहा फेरे मारले. तरी कपाटाजवळ आवाज जाईना. लोखंडी कपाट माझं चुंबकत्व गिळत होतं. कपाट आतल्या खोलीत गेलं. मग मावशी कोचावर लवंडली की आवाज गायब व्हायचा, कारण कानातला वेढाही आडवा व्हायचा. टेस्टरने खुणेने सांगितलं, मान ताठ ठेव.

मावशी म्हणाली, "लग्नानंतर पहिल्यांदाच कुणी मला मान ताठ ठेवायला सांगितलं!"

सगळं जुळलं, तेव्हा तो हातात मायक्रोफोन घेऊन बसला आणि काय बोलावं हेच त्याला सुचेना. दोन वर्षांत तो तिच्याशी हळू आवाजात बोलला नव्हता. घसा खाकरून तो एवढंच म्हणाला, "हॅलो. एक, दोन, तीन."

माझ्यातून जाणारा तो पहिला आवाज. मी तेव्हा थरथरले असेन. मावशीने दोन्ही हात कानांवर घेतले, जणू तो आवाज सांडेल.  मग म्हणाली, "ओरडू नका हो. हळूच बोला. मला ऐकू येतंय."

मित्रांनो, तिथून माझे सोन्याचे दिवस सुरू झाले. संध्याकाळी तो तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायचा, बातमीपेक्षा त्याच्या शेरेबाजीलाच ती जास्त हसायची. ऐकू न येणारा एक म्हातारा शिंपी आपलं कानाचं मशीन घेऊन यायला लागला. मग एक निवृत्त मास्तर. मग मास्तरांची वहिनी. रविवारी दुपारी टेस्टर टीव्हीचा आवाज बंद करून त्याची तार मला जोडायचा. खोलीत शुकशुकाट, आणि कोचावर ओळीने बसलेली चार बहिरी माणसं एकदम खो-खो हसायची! एकदा जावईबापू आले होते. ज्यांना चांगलं ऐकू येत होतं, ते एकटेच आ वासून बसले. शेवटी शिंप्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "तुम्हाला मी नंतर समजावून सांगतो हं."

शिंपी जाताना पट्टीवरून बोट फिरवून मला शाबासकी देत असे. एवढं कौतुक कुठल्या तारेच्या वाट्याला येतं?

आणि मग तो दिवस आला. मुलगी आलेली होती. मावशी भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात कपबशा विसळत होती. टेस्टर मुलीजवळ सरकून बसला आणि अगदी हळू बोलू लागला. टेबलावरचा मायक्रोफोन चालू राहिलाय, हे त्याच्या ध्यानात नव्हतं. मित्रांनो, चुंबकत्वाला भिंत अडवत नाही. खोलीबाहेर ते झपाट्याने क्षीण होतं, पण दोन-चार पावलांपर्यंत पोचतंच. आणि मावशीच्या कानाचं बटण टीवर होतं.

"घशात गाठ आहे," तो सांगत होता. "काढायची तर आवाजाची पेटीही काढावी लागेल म्हणाले डॉक्टर. त्यानंतर बोलता येणार नाही. आईला एवढ्यात सांगू नकोस."

मला माझा प्रवाह रोखता आला असता तर मी रोखला असता. पण तारेच्या हाती काहीच नसतं. जे येईल ते पुढे द्यायचं.

मावशी पदराला हात पुसत दारात आली. तिने मुलीकडे पाहिलंच नाही.

"किती दिवस आहेत?"

"कसले?" तो दचकला.

"आवाजाचे."

त्याने टेबलावरच्या मायक्रोफोनकडे पाहिलं, मग तिच्याकडे. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "अठरा," तो म्हणाला.

त्या अठरा दिवसांइतकं मी आयुष्यात कधी काम केलं नाही. "बोला," एवढंच ती म्हणायची आणि मान ताठ करून कोचावर बसायची. मूळचा अबोल माणूस तो, त्याच्याकडे बोलायला असं किती असणार? शिडीवरून पडला ते त्याने सांगितलं. कुठल्या कुठल्या घरांत वायरिंग केलं त्यांची यादी सांगितली. एका मालकिणीने तीन दिवस काम करून घेऊन पाण्याचा पेलाही विचारला नाही, ते सांगितलं. विषय संपले तेव्हा कुकरसोबत आलेलं माहितीपत्रक वाचलं. ती तेही डोळे मिटून ऐकत राहिली. त्याचा आवाज आताशा घोगरा व्हायचा, मधेच फाटायचा. माझ्यातून जाताना तो मला खरखरीत लागायचा.

मुलीने टेपरेकॉर्डर आणला. "बाबा, कॅसेट करून ठेवू, म्हणजे आईला केव्हाही ऐकता येईल." तो टेपरेकॉर्डरपुढे ताठ बसला आणि भाषणाला उभं राहिल्यासारखा सुरू झाला, "नमस्कार. मी आपला नम्र..." मावशीने ती कॅसेट एकदा ऐकली आणि परत दिली. "हे कोण गृहस्थ? मी यांना ओळखत नाही."

शेवटच्या दुपारी तिने काही वाचायला सांगितलं नाही. तोच म्हणाला, "आता काय बोलू?" आणि मग त्याने मायक्रोफोन ओठांशी धरून तिचं नाव घेतलं. चारचौघांत त्याने ते कधी घेतलं नव्हतं. नाव काय ते मी सांगणार नाही. ते माझ्यातून गेलं खरं, पण माझ्यासाठी नव्हतं.

"आणखी एकदा," ती म्हणाली.

त्याने घेतलं.

"आणखी एकदा."

मग तीन आठवडे खोलीला कुलूप होतं. डबीत माझी दोन्ही टोकं गार पडली होती. दवाखान्यातून ती दोघं परतली, तेव्हा त्याच्या गळ्याभोवती पांढरा रुमाल होता. चहा झाला. मावशीने नेहमीसारखा ॲम्प्लिफायर लावला, बटण टीवर केलं आणि सवयीने मायक्रोफोन त्याच्यापुढे ठेवला. ठेवल्यावर तिला कळलं. तिने तो उचलायला हात पुढे केला, पण त्याने आधी धरला.  मग त्याने बोटाने मायक्रोफोनच्या जाळीवर टकटक केलं.

मावशीचा चेहरा मी विसरणार नाही. तीस वर्षं जिने तारेवरच्या बारीकशा खरखरीवरून पलीकडचं माणूस ओळखलं, तिला टकटक म्हणजे का कमी होतं?

त्यांनी नवी बोली केली. एक टक म्हणजे हो. दोन म्हणजे नाही. नखाने लांब ओरखडा म्हणजे चहा. तळवा हळूच फिरवला, म्हणजे आता पड जरा, दमलीस. भांडणंही व्हायची. एकदा तो इतका वेळ टकटक, टकटक करत राहिला की जाळीला पोचा आला. "समजलं, समजलं! नाही म्हणजे नाही!" मावशी ओरडली. अशी सहा वर्षं गेली. माझ्यातून त्या काळात एकही शब्द गेला नाही, पण रिकामी मी एकाही दिवशी राहिले नाही.

एका सकाळी टेस्टर उठलाच नाही.

मावशी मुलीकडे गेली. ॲम्प्लिफायर भंगारात गेला. घरात नवं कुटुंब राहायला आलं. भली माणसं आहेत, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. फरशी बदलताना सुताराने पट्टी उचकटली आणि माझा चौथा फेरा करवतीत सापडला. "कसली तार ही?" मालकीणबाईंनी विचारलं. "कसलीच नाही, मेलेली आहे," सुतार म्हणाला आणि पट्टी परत ठोकली. त्याचंही बरोबरच होतं. तांबं तेच आहे, वेढेही बरेचसे तेच आहेत. पण वीज नसली की माझ्याभोवती काहीच उरत नाही. कधी कधी कुणी कोचावर बसून टेबलावर बोटं वाजवतं, तेव्हा मी जीव गोळा करून वाट बघते. काही येत नाही.

मागच्या महिन्यात मावशी आली होती. घराच्या कागदांवर सही हवी होती, म्हणून मुलगी घेऊन आली. खूप वाकली आहे आता. मंडळी आत कागद शोधत असताना ती बैठकीच्या खोलीच्या मधोमध उभी राहिली, मान ताठ केली आणि जुन्या मशीनचं बटण टीवर सरकवलं. मी तुटलेली, मुकी. माझ्याकडे तिला द्यायला काही नव्हतं. पण मित्रांनो, घरात वीज खेळत असली की भिंतींतल्या तारांभोवतीही थोडं चुंबकत्व हेलकावत असतं. कानाचं मशीन टीवर असलं, तर त्याची बारीक घूंऽऽ ऐकू येते, मधमाशीसारखी. आणि या भिंतींतली तार न् तार टेस्टरने स्वतःच्या हाताने ओढलेली आहे.

ती हलत नव्हती. मालकीणबाई बाहेर येऊन काहीतरी बोलल्या. तिला कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मुलगी म्हणायला गेली, "जाऊ दे हो, तिला..." पण मालकीणबाई मावशीसमोर आल्या, आपला चेहरा नीट दिसेल अशा उभ्या राहिल्या आणि सावकाश, हळू आवाजात तिसऱ्यांदा म्हणाल्या, "आजी, काही राहिलंय का इथे?"

मावशीने त्यांच्या ओठांवरून वाचलं. हसली. "लाइन चालू आहे का ते बघत होते," ती म्हणाली.

पुढच्या महिन्यात ही पट्टी काढणार आहेत, असं मी ऐकलं. मला वितळवतील. त्याचं दुःख मी करत बसले नाही. तांब्याची पुन्हा तार होते. पण मी असेन-नसेन, म्हणून एवढंच सांगून ठेवते. तुमच्या घरी कुणाला कमी ऐकू येत असेल, तर ओरडू नका आणि हात हलवून बाजूलाही होऊ नका. त्यांच्यासमोर बसा. टीव्ही बंद करा. तुमचे ओठ त्यांना दिसू द्या. एकदा कळलं नाही तर दुसऱ्यांदा सांगा, दुसऱ्यांदा नाही कळलं तर तिसऱ्यांदा. सांगायची गोष्ट कितीही किरकोळ असू द्या. आमच्या मावशीने कुकरचं माहितीपत्रकसुद्धा डोळे मिटून ऐकलं होतं.